पाण्यात पुडी सोडण्याआधी

पनवेल तालुक्यातल्या पोल्ट्रीवाल्या बंधू-भगिनींनो,

पावसाने जोर धरला की नेऱ्यापासून आपट्यापर्यंतच्या शेडांमध्ये एकच तक्रार ऐकू येते. तूस ओलावतो, पडदे दिवसरात्र बंद राहतात, आत शिरलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि रात्री दिवे बारीक केले की कोंबड्यांची घरघर सुरू होते. सकाळी मालक औषधाच्या दुकानात जातो, 'सर्दीची पुडी' आणतो आणि टाकीत सोडतो. दोन-तीन दिवसांत घरघर बसते. पंधरवड्याने ती पुन्हा सुरू होते आणि पुन्हा पुडी येते. बॅच निघेपर्यंत औषधाचं बिल फुगलेलं असतं आणि मरतूक काही थांबलेली नसते.

मानमोडीची लस, गंबोरोची लस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते विषाणूंचे आजार. जिवाणूंच्या, म्हणजे बॅक्टेरियाच्या आजारांवरही लस असते, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नाही. 'व्हायरसला लस आणि बॅक्टेरियाला अँटिबायोटिक' अशी वाटणी डोक्यात पक्की बसली आहे. ती वाटणी बरोबर नाही. कोणत्या कोंबडीला जिवाणूंची लस द्यावी, कोणत्या कोंबडीला तिचा उपयोग नाही आणि द्यायची तर कशी द्यावी, एवढं नीट समजून घेतलं तर पुडीवरचा निम्मा भरवसा आपोआप सुटेल. म्हणून हे आवाहन.

पहिला मान कोंबडीचाच

प्रयोगशाळेत जंतू मुद्दाम दुबळा करून बनवलेली जगातली पहिली लस कोंबड्यांसाठी होती, आणि ती जिवाणूंच्या आजारावरची होती. १८७९-८० साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते. बरेच दिवस पडून राहिलेली जिवाणूंची जुनी पैदास कोंबड्यांना टोचली, तर त्या किरकोळ आजारी पडून सावरल्या. त्याच कोंबड्यांना पुढे ताजी, जहाल पैदास टोचली तरी त्या मेल्या नाहीत. पुढच्या कितीतरी लसींचा रस्ता तिथून निघाला.

त्याच पाश्चर यांच्या संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईत आले. त्यांनी प्लेगचे जिवाणू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. आज आपण लेअर पक्ष्यांना कोरायझाची जी मारलेली लस टोचतो, तिचं तत्त्व तेच आहे: मेलेला जंतू दाखवून शरीराला जिवंत जंतूची ओळख पटवायची. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत माणसांवर वापरलेली युक्ती पनवेलच्या शेडपर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागावीत?

आजार ओळखा

कोरायझा. पनवेलच्या अंड्यांच्या आणि गावठी पक्ष्यांच्या फार्मवर सगळ्यात ओळखीचा. कोंबडीचं तोंड सुजतं, डोळे चिकटतात, नाकातून येणाऱ्या चिकट पाण्याला घाण वास येतो. मरतूक थोडी असते, पण अंडी १० ते ४० टक्क्यांनी उतरतात. औषधाने सूज जाते, जंतू मात्र बऱ्या झालेल्या कोंबडीच्या नाकात राहतो. तीच कोंबडी पुढच्या पक्ष्यांना आजार देते. या जंतूचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत. एका प्रकाराची लस दुसऱ्यावर भरवशाने चालत नाही. म्हणून बाटलीवर कोणते प्रकार छापले आहेत ते वाचूनच घ्या.

टायफॉइड. सॅल्मोनेला गॅलिनेरम या जिवाणूचा. कोंबड्या मलूल होतात, तुरा फिका पडतो, पिवळट-हिरवी हगवण लागते. मेलेली कोंबडी उघडली तर कलेजी मोठी झालेली आणि हिरवट-तांबूस दिसते. हा आजार अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून पिल्लं कुठून घेतली याला फार महत्त्व. यावर '९आर' या दुबळ्या जिवाणूची जिवंत लस जगभर कित्येक दशकं वापरात आहे. ती पक्षी अंड्यावर येण्याआधी द्यायची असते.

कॉलरा. पाश्चर यांच्या वेळचाच. काल संध्याकाळपर्यंत खात असलेली धडधाकट कोंबडी सकाळी मेलेली सापडते, तुरा जांभळा पडलेला असतो, कलेजीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात. उंदीर हा त्याचा मोठा वाहक.

सीआरडी. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा. या जंतूला पेशीची भिंतच नसते, त्यामुळे पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर लागूच पडत नाहीत. टायलोसिनने घरघर दबते, पण जंतू कळपातून पुरता जात नाही. हाही अंड्यातून पिल्लात येतो. याची लस लेअर आणि ब्रीडर पक्ष्यांसाठी असते.

ई. कोलाय. शेडमध्ये, तुसात, पाण्यात तो कायम असतोच. शरीराचा बांध फुटला की आत घुसतो. पोट उघडल्यावर कलेजीवर आणि हृदयावर पांढरट-पिवळा पापुद्रा दिसतो, तो बहुतेक वेळा याच्या कृपेने.

ब्रॉयलरवाल्यांनी हे आधी वाचा

इथे स्पष्ट बोललं पाहिजे, नाहीतर उद्या कोणीतरी उत्साहाने ब्रॉयलरच्या बॅचला कोरायझाची लस टोचून मोकळा होईल. आपल्याकडचा ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास जाऊन गाडीत चढतो. जिवाणूंच्या मारलेल्या लसीचे सहसा दोन डोस लागतात, दोन्हींमध्ये साधारण चार आठवड्यांचं अंतर, आणि दुसऱ्या डोसनंतर संरक्षण पक्कं व्हायला आणखी दोन-तीन आठवडे. तोवर पक्षी हॉटेलच्या ताटात पोचलेला असतो. शिवाय तेलातल्या लसी टोचल्यावर पक्षी कापण्याआधी काही आठवडे थांबावं लागतं. अमेरिकेत ही मुदत ४२ दिवसांची आहे, म्हणजे ब्रॉयलरचं अख्खं आयुष्य.

मग ब्रॉयलरवाल्याने करायचं काय? ब्रॉयलरमधला जिवाणूंचा आजार बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पाठोपाठ येतो. गंबोरोने प्रतिकारशक्तीवर घाला घातला, मानमोडीच्या विषाणूने किंवा अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलं की ई. कोलायला दार उघडं मिळतं. म्हणून ब्रॉयलरमध्ये जिवाणूंविरुद्धचं पहिलं काम म्हणजे विषाणूंच्या लसी चोख देणं: साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो, तिसऱ्या आठवड्यात लासोटाचा बूस्टर. आणि दुसरं काम म्हणजे कोरडा तूस, खेळती हवा आणि स्वच्छ पाणी. काही देशांत पिल्लांवर पहिल्याच दिवशी फवारायची ई. कोलायची जिवंत लस वापरतात. पण ती फवारून तूस ओलाच ठेवला, तर तिचाही काही उपयोग होणार नाही.

पनवेलमध्ये पावसाळ्यात विहिरीत आणि बोअरमध्ये वरचं पाणी मुरतं. टाकी धुतलेली असते, पण निपलच्या पाइपात बोटाला लागेल असा बुळबुळीत थर बसलेला असतो. दोन बॅचमधल्या मोकळ्या दिवसांत पाइप सोडवून धुवा, पाण्याची तपासणी करून घ्या. गटारीच्या बाजाराचा हिशेब धरून टाकलेली बॅच बरोबर पहिल्या पावसात पिल्लांच्या वयाची असते, हे विसरू नका. त्या बॅचसाठी कोरडा तूस मे महिन्यातच भरून ठेवा.

लेअर, ब्रीडर, गावठी, कावेरी, गिरिराज, वनराज, कडकनाथ असे काही महिने किंवा वर्ष-दीड वर्ष राहणारे पक्षी पाळणाऱ्यांसाठी मात्र जिवाणूंच्या लसी आहेत. त्यांनी पुढचं सगळं मन लावून वाचावं.

आधी आजाराचं नाव, मग लस

दुकानदार म्हणाला म्हणून, शेजाऱ्याने दिली म्हणून किंवा व्हॉट्सअॅपवर वेळापत्रक आलं म्हणून लस देऊ नका. तुमच्या फार्मवर आणि तुमच्या गावात कोणता आजार आहे, यावर लस ठरते. ज्या फार्मवर कधी कॉलरा झालेला नाही आणि उंदरांचा बंदोबस्त चोख आहे, तिथे कॉलऱ्याच्या लसीवर पैसे घालवायचं कारण नाही. जिथे दर पावसाळ्यात तोंडं सुजतात, तिथे कोरायझाची लस टाळायचं कारण नाही.

नाव कळण्यासाठी शवविच्छेदन लागतं. मेलेले सगळे पक्षी खड्ड्यात टाकण्याआधी नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी, आणि जमल्यास मरणपंथाला लागलेला एखादा, पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागातल्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. नमुना पुढे पाठवायची वेळ आली तर पुण्याला औंधमध्ये रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, आणि परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासून उभं आहे. जंतू वाढवून तो कोणत्या औषधाला दाद देतो हे तपासणारी चाचणी करून मागा. औषध सुरू करायच्या आधी नमुना द्या. पुडी पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणं अवघड होऊन बसतं.

आणखी एक कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारी, उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये बर्ड फ्लू निघाला. कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्या तर तो कॉलरा असेल, टायफॉइड असेल किंवा बर्ड फ्लूही असेल. नुसत्या नजरेने खात्री देता येत नाही. अशा वेळी पुड्या सोडत बसू नका, पक्षी विकू नका, कोणाला फुकट वाटू नका. डॉक्टरांना कळवा. २००९ च्या केंद्रीय कायद्याने असा आजार कळवण्याचं बंधन मालकावर घातलेलं आहे.

लस टोचायची रात्र

लस चांगली असून उपयोग होत नाही, अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बहुतेक जण बाटली दुकानातून शेडपर्यंत कशी आणली, हे सांगू शकत नाहीत. कोरायझा किंवा कॉलऱ्याची तेलातली लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. डीपफ्रीजमध्ये ती गोठली की फुटते आणि कामातून जाते. पनवेलहून मोर्ब्याला नेतानाही बर्फाचा डबा हवा, पण बाटली थेट बर्फावर टेकलेली नको, मध्ये कागदाचा थर हवा. मोटरसायकलच्या डिकीत उन्हातून आणलेल्या लसीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

टोचण्याच्या काही तास आधी बाटली बाहेर काढून ठेवा. थंडगार तेल घट्ट असतं. ते सुईतून नीट उतरत नाही आणि पक्ष्याला गाठ येते. बाटली चांगली हलवा, आणि काम चालू असतानाही मधूनमधून हलवत राहा.

काम रात्री किंवा पहाटे करा. दिवे मंद ठेवा, जाळी लावून पक्ष्यांचे लहान गट पाडा. एका कोपऱ्यात दाटी झाली तर पक्षी गुदमरून मरतात आणि दोष लसीवर येतो. सुरुवातीला ऑटोमॅटिक सिरिंज तपासा: डोस अर्ध्या मिलिलिटरचा असेल तर मोजपात्रात दहा वेळा दाबून बरोबर ५ मिलिलिटर यायला हवं. कमी आलं तर सिरिंज दुरुस्त करा, अंदाजाने पुढे जाऊ नका. मानेच्या खालच्या भागात, पाठीकडच्या बाजूला, कातडी उचलून तिच्याखाली सुई द्या. डोक्याच्या जवळ टोचलं तर तोंड सुजतं आणि मालकाला वाटतं की लसीनेच कोरायझा झाला. जास्तीत जास्त पाचशे पक्ष्यांनंतर सुई बदला.

शेवटी बाटली मोजा. हजार डोसांची बाटली हजार पक्ष्यांत संपली पाहिजे. शेडमध्ये हजार पक्षी असताना बाटलीत पाव भाग उरला, तर अडीचशे पक्षी सुटले तरी आहेत, नाहीतर सगळ्यांना कमी डोस गेला आहे. उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची. उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

स्वच्छतेत हयगय झाली तर काय होतं, याचा धडा हाफकिन यांच्याच लसीने दिला आहे. १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचून घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडलं. बाटली उघडताना जंतू आत शिरले असणार, असा निष्कर्ष पुढे निघाला. आपल्या शेडमध्ये सुई खाली पडते, पँटला पुसली जाते आणि पुन्हा बाटलीत खुपसली जाते. हे थांबवा.

टोचणाऱ्या माणसाचीही काळजी घ्या. तेलातली लस चुकून बोटात गेली तर रक्ताचा एक थेंब समजून सोडून देऊ नका. बोट सुजून गंभीर इजा होऊ शकते. रिकामी बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा आणि आत काय गेलं ते डॉक्टरांना दाखवा.

पुडी आणि लस एका वेळी नको

जिवंत जिवाणूंच्या लसीत जंतू दुबळा असतो, पण जिवंत असतो. टाकीत अँटिबायोटिक असताना ती लस दिली तर औषध आधी लसीलाच मारतं. दोन्हींवर पैसे खर्च होतात आणि हाती शून्य. लेबलवर लिहिलेले दिवस, आधीचे आणि नंतरचे, औषध बंद ठेवा. पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची असेल तर त्या पाण्यात क्लोरीनही नको. दर लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर मिसळा, पक्ष्यांना तास-दीड तास तहानेवर ठेवा आणि लसीचं पाणी दोन तासांत संपेल एवढंच करा. मारलेल्या लसीला अँटिबायोटिकचा असा अपाय होत नाही, पण आजारी कळपाला तीही टोचायची नाही.

तोंडं सुजल्यावर धावत जाऊन लस आणणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. कोरायझाचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, दुसरा बारा ते सोळा आठवड्यांत, आणि अंड्यावर यायच्या तीन-चार आठवडे आधी सगळं उरकलेलं, असा बेत लागतो. नेमक्या तारखा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पुडीला सरसकट वाईट म्हणण्यात अर्थ नाही. नाव कळलेल्या आजारावर, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस दिलं तर ते पक्षी वाचवतं. पण आज थोडं एन्रोफ्लॉक्सासिन, उद्या थोडं डॉक्सीसायक्लिन, बरं वाटलं की बंद, असं केलं तर शेडमधले दणकट जंतू तेवढे मागे राहतात. ते फक्त कोंबड्यांत राहत नाहीत. तुमच्या हातावरून, पाण्यातून, खतातून ते घरात येतात. माणसांच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात जात होतं. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला १ जानेवारी २००६ पासून बंदी केली आहे. आपल्यालाही त्याच वाटेने जावं लागणार आहे. हिशेब लावून गेलो तर नुकसान कमी होईल.

लसीने हे साधतं, याचा दाखला नॉर्वेत आहे. तिथल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांत १९८७ साली सुमारे ५० टन अँटिबायोटिक जात होतं. जिवाणूंच्या आजारांवर चांगल्या लसी आल्या, प्रत्येक माशाला टोचायला सुरुवात झाली, आणि काही वर्षांत माशांचं उत्पादन वाढत असताना औषध नाममात्र उरलं. एकेक मासा धरून टोचता येतो, तर कोंबडी नक्कीच टोचता येईल.

पैशाचा हिशेब मांडा

भावनेने नको, वहीने ठरवा. हजार लेअर आहेत, ८५ टक्के उत्पादन आहे, म्हणजे रोज ८५० अंडी. कोरायझाने त्यात २० टक्क्यांची घट आली तर रोज १७० अंडी कमी. घट तीन आठवडे राहिली तर ३,५७० अंडी गेली. त्यात पुड्यांचा खर्च मिळवा. औषधाचे अंश अंड्यात उतरतात म्हणून जी अंडी विकायची नसतात, त्यांचाही आकडा घाला. मग दुकानात जाऊन दोन डोसांची आणि टोचणाऱ्या माणसांची किंमत विचारा. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा, निर्णयही तुम्हीच घ्या.

कंपनीच्या करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्यांना वाटतं की लस ही कंपनीची बाब, आपला संबंध नाही. पिल्लं, खाद्य, औषध, लस कंपनीची आणि शेड, वीज, पाणी, मजुरी आपली, हे खरं. पण मरतूक वाढली की वाढीचा मोबदला तुमचाच घटतो. म्हणून पिल्लं उतरवतानाच सुपरवायझरला विचारा: हॅचरीत कोणत्या लसी झाल्या? इथे कोणत्या दिवशी कोणती द्यायची? उत्तर बॅचकार्डावर लिहून घ्या. लसीची बाटली रिकामी झाल्यावर तिचं लेबल सोलून वहीत चिकटवा, त्यावर कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत असते. पुढे वाद झाला तर तोंडी बोलण्यापेक्षा ते लेबल कामाला येतं.

लसीबरोबर हेही

बांधावरून उडी मारून येणारी चार गावठी कोंबडी, व्यापाऱ्याचे न धुतलेले क्रेट आणि उंदीर: लेअरच्या शेडमध्ये कोरायझा, टायफॉइड, कॉलरा आणणारे हे तिघे. व्यापाऱ्याची गाडी शेडच्या दारापर्यंत येऊ देऊ नका, फाटकाशीच थांबवा. लहान आणि मोठे पक्षी एका शेडमध्ये ठेवू नका. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गाढी नदीत, खाडीत किंवा महामार्गाच्या कडेला फेकलेली गोणी कुत्री आणि कावळे पुन्हा तुमच्याच गावात आणतात.

गिऱ्हाइकांनाही दोन शब्द. 'कोंबडीला इंजेक्शन देतात' असं म्हणून नाक मुरडणारे पनवेलच्या बाजारात रोज भेटतात. ब्रॉयलर पटकन वाढतो तो निवडक जातीमुळे आणि खाद्यामुळे. अंड्यावरच्या कोंबड्यांना जे इंजेक्शन देतात ते लसीचं असतं, आणि त्यामुळे औषधाची गरज कमी होते. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८८ मध्ये अंड्यांतल्या सॅल्मोनेलावरून एवढा गदारोळ झाला की आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांना राजीनामा द्यावा लागला. १९९८ पासून तिथल्या 'लायन' शिक्क्याच्या अंड्यांसाठी कोंबड्यांना सॅल्मोनेलाची लस देणं सक्तीचं झालं. २०१७ मध्ये तिथल्या अन्न यंत्रणेने गरोदर स्त्रियांनाही त्या शिक्क्याचं अर्धं कच्चं अंडं खायला हरकत नसल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे असा शिक्का नाही, तेव्हा अंडं आणि चिकन पूर्ण शिजवूनच खा. पण विक्रेत्याला 'लस दिलेली आहे का?' असं विचारायला लागा. गिऱ्हाईक विचारतं तेव्हाच माल बदलतो.

शेवटचं काम एकट्याचं नाही

लहान फार्मवाल्याची अडचण खरी आहे. घरामागे पन्नास गावठी कोंबड्या आणि बाटली हजार डोसांची. उघडली की त्याच दिवशी संपवायची. मग कोण घेणार? म्हणून बहुतेक जण घेतच नाहीत, आणि त्या पन्नास कोंबड्यांतून आजार शेजारच्या दोन हजारांच्या शेडमध्ये जातो.

याला उपाय आहे. वावंजे, पोयंजे, तारा, गुळसुंदे, कुठलंही गाव असो, तिथल्या पाळणाऱ्यांनी आणि महिला बचत गटांनी एकत्र बसून पक्ष्यांची यादी करावी: कोणाकडे किती, कोणत्या वयाचे. हजाराच्या जवळ आकडा गेला की पंचायत समितीच्या डॉक्टरांना भेटून एक दिवस ठरवावा. मोठ्या फार्मवाल्याने बाटली आणि बर्फाचा डबा पुरवावा. त्यात त्याचाही फायदा आहे, कारण शेजारच्या कोंबड्या निरोगी राहिल्या तर त्याची शेड वाचते. कोंबड्या एका ठिकाणी गोळा करायच्या नाहीत, बाटली दारोदार न्यायची. प्रत्येक घरी सुई नवी, हात धुतलेले, चपला बाहेर. चार आठवड्यांनी त्याच यादीवर दुसरा डोस.

यंदाच्या पावसाळ्यासाठी ही यादी एप्रिलमध्ये झाली, तर दोन्ही डोस मृगाआधी उरकतात. गावात पुढाकार घेणारा कोणी नसेल, तर वही आणि पेन घेऊन पहिलं नाव तुमचं लिहा आणि शेजारच्या घरी जा.